गाईच्या वाटणीची भाकरी

लग्न होऊन मी रत्नागिरीकडून अंबडला आले तेव्हा मला एकच गोष्ट झकास यायची, आणि ती इथे कुणाला नको होती. मला मासे तळता येत. इथे रोज लागायची ज्वारीची भाकरी, आणि ती माझ्या हातून परातीतच फाटायची. जी तव्यापर्यंत पोचायची ती वाळून कडकडीत व्हायची.  सासूबाई माझ्या भाकरी टोपल्याच्या तळाशी ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी गाईपुढे टाकायच्या. गाय खायची, पण चावताना माझ्याकडे जरा जास्तच बघते असं मला वाटे.

सासऱ्यांनी एकदा तरी "सूनबाईच्या हातची वाढा" म्हणावं, एवढीच माझी हाव होती. वर्ष गेलं, ते म्हणाले नाहीत. मग मी जेवताना माशांवर व्याख्यानं देऊ लागले. कंटाळून नवऱ्याने एके दिवशी शहागडहून येताना गोदावरीचा मासा आणला.

सासूबाईंच्या गळ्यात माळ. त्यामुळे मासा अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या तव्यात. घरातल्या भाकरी त्या करणार होत्या. त्यांच्यासाठी मी कच्च्या केळ्याचे काप तळायचं ठरवलं. न्हाणीमागच्या केळीला एक घड धरला होता. चार केळी पुरली असती. मी सगळा घड उतरवला आणि सगळ्याचे काप केले, पिकायला आलेल्या वरच्या फणीचेसुद्धा. कौतुक व्हायचं तर भरपूर व्हावं, असा हिशेब.

मासा तिखट-मीठ लावून, ज्वारीच्या पिठात घोळवून तळला. नवरा तुकडा उलटसुलट करून म्हणाला, "काटे लई दिसून राह्यले."

"खाणाऱ्याला कळतात," मी म्हटलं. खरं म्हणजे मलाही कळत नव्हते. आमच्या सुरमईचा काटा मधोमध, समजूतदारपणे असतो. हा मासा आतून केसांचा पुंजका होता.

सासऱ्यांनी दुसरा घास घेतला आणि थांबले. डोळ्यांत पाणी आलं, हात गळ्याकडे गेला. पलीकडच्या पाटावरून सासूबाई म्हणाल्या, "पिकलं केळ द्या जल्दी. काटा उतरतो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कुरकुरीत कापांनी भरलेल्या परातीकडे.  सासरा मारला म्हणून माहेरी परत जाणारी मी आमच्या गावातली पहिलीच ठरले असते.

"मंग भाकरीचा कोरडा घास गिळा," सासूबाईंनी आपली भाकरी पुढे केली. ती कापसासारखी मऊ. एक घास गेला, दुसरा गेला, काटा जागचा हलला नाही. सासऱ्यांनी हाताने ती बाजूला सारली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ही न्हाई. सूनबाईच्या हातची आणा."

 मीच धावत जाऊन टोपल्याच्या तळातून गाईच्या वाटणीची कालची भाकरी आणली. त्यांनी मोठा तुकडा मोडला, अर्धवट चावला आणि डोळे मिटून गिळला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. पाणी प्याले.

"गेला," ते म्हणाले.

मी उलथनं हातात धरून तशीच उभी होते. सासऱ्यांनी उरलेली भाकरी केळ्याच्या कापांबरोबर खाल्ली, सावकाश, आवाज करत. मग म्हणाले, "मासं पुन्यांदा करू नको, बाई. पन अशी एक भाकर माह्यासाठी ठेवत जा." मी चुलीकडे तोंड करून पोटभर रडले. धुराचं निमित्त होतंच.

त्यानंतर रोज एक भाकरी गाईची कमी झाली. दोन-तीन वर्षांनी माझा हात बसला आणि भाकऱ्या मऊ व्हायला लागल्या. पहिली टम्म फुगलेली मी मोठ्या तोऱ्यात त्यांच्या ताटात वाढली. त्यांनी तुकडा मोडला, चावला, आणि माझ्याकडे बघत राहिले.

"सूनबाई," ते म्हणाले, "बिघडवलीस की भाकर."