हिवाळाभर झाकलेली गाडी

खमीस मुशैतला थंडी पडते, हे गावी कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. सौदी म्हटलं की आमच्याकडे लोकांना वाळू आणि ऊनच दिसतं. पण ते शहर डोंगरावर आहे. नोव्हेंबर लागला की धुकं उतरतं, आणि सकाळी नळाखाली हात धरवत नाही. रत्नागिरीत जन्म काढलेल्या मी आयुष्यातलं पहिलं स्वेटर तिथे घेतलं.

माझे कफील, म्हणजे ज्यांच्या नावावर माझा व्हिसा होता ते मालक, फौजेतून निवृत्त झालेले एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांच्या वर्कशॉपमध्ये मी सहा वर्षं मेकॅनिक होतो. मी त्यांना ‘अम्म’ म्हणायचो, म्हणजे काका. ते मला ‘सदीक’ म्हणत, म्हणजे मित्र. माझे वडील वारले तेव्हा त्यांनी दोन दिवसांत माझे कागद करून मला विमानात बसवलं होतं. ते उपकार मी विसरलो नव्हतो.

त्यांच्या मुलाकडे लाल रंगाची, दोन सीटची स्पोर्ट्स कार होती. शिकायला परदेशी जायच्या आदल्या दिवशी त्याने मला बंगल्यावर बोलावलं.

“चार-पाच महिने उभी राहील,” तो म्हणाला. “खराब होऊ नये म्हणून जे करतात ते सगळं कर. आणि पुढचा दिवा बदल. घाटात माकड आडवं आलं होतं.”

“वर्कशॉपमध्ये नेऊ?”

“नको. इथे गॅरेजमध्येच कर.”

जवळच्या अबहाच्या घाटात माकडं खरंच रस्त्यावर येतात, त्यामुळे मी काही बोललो नाही. तो गेल्यावर कामाला लागलो. आत दमट हवा साचू नये म्हणून टाकी काठोकाठ भरली, ऑइल बदललं, टायर बसू नयेत म्हणून गाडी जॅकने उचलून चार लोखंडी घोड्यांवर ठेवली. मग दिव्यासाठी पुढचा बंपर काढला. जाळीच्या मागे, फुटलेल्या काचेत अडकलेला कापडाचा तुकडा होता. बोटभर लांब, नारिंगी, आणि त्यावर चकाकणारी पट्टी शिवलेली. रस्ते झाडणाऱ्यांच्या गणवेशाचं कापड मला ओळखू येत होतं. रोज सकाळी ते आमच्या दारावरून जायचे. मी तो तुकडा खिशात घातला, नवा दिवा बसवला आणि गाडीवर कापड ओढलं.

खानावळीत दोनच दिवसांनी कळलं. एका बंगाली झाडूवाल्याला पहाटे गाडीने उडवलं होतं, आणि गाडी थांबली नव्हती. शुक्रवारी सुट्टी होती. मी सरकारी दवाखान्यात गेलो. माझ्याच वयाचा माणूस होता तो. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. कोणीतरी हिंदी बोलणारा भेटायला आला याचाच त्याला आनंद झाला.

“गाडी देखी थी?” मी विचारलं.

“लाल थी. और कुछ नहीं देखा, भाई.”

त्याने उशाजवळचा ज्यूसचा डबा उघडून माझ्यापुढे धरला. नको नको म्हणत मी तो प्यायलो. कुठे काम करतोस, असं त्याने विचारलं, तेव्हा मी म्हणालो, “वर्कशॉप में.” कुणाच्या, ते सांगितलं नाही.

त्यानंतर मी पुन्हा गेलो नाही. माझा पासपोर्ट अम्मच्या कपाटात होता, इकामा हा तिथे राहण्याचा परवाना त्यांच्या नावावर होता, गावी बायकोला सातवा महिना होता. शिवाय सांगायचं म्हणजे ज्याने माझ्या वडिलांच्या मातीला मला पोचवलं, त्याच्याच मुलावर बोट ठेवायचं. दर पंधरा दिवसांनी मी गॅरेजचं शटर उघडायचो, बॅटरीच्या वायरी जोडून इंजिन चालू करायचो. मुलगा फोनवर विचारायचा, “ठीक आहे ना?” मी म्हणायचो, “ठीक आहे.” दोघंही गाडीबद्दलच बोलत होतो, निदान वरवर तरी.

जानेवारीत एका दुपारी अम्म स्वतः खाली आले. अंगात लोकरीचा जाड फरवा होता. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, “सदीक, तू हिला लेकरासारखी जपतोस.”

ते ऐकून माझा धीर सुटला. पाकिटातून तो तुकडा काढून मी त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ त्या पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले.

“मला त्याने माकड सांगितलं होतं,” ते म्हणाले. मग विचारलं, “तुला कधीपासून माहीत आहे?”

“नोव्हेंबरपासून.”

“आणि आज सांगतोस.”

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन दवाखान्यात गेले. खाटेवर दुसराच कोणी होता. तिथून आम्ही सफाईच्या कंपनीत गेलो. सुपरवायझरने रजिस्टर मिटत सांगितलं, “त्याची नोकरी खलास. कामाचा राहिला नाही म्हणून फायनल एक्झिट लावला, कायमचा मायदेशी पाठवला. दोन आठवडे झाले, कुबड्यांवर गेला.”

अम्म तिथूनच थेट ट्रॅफिक पोलिसांकडे गेले. गाडी घोड्यांवरून उतरवून पोलिसांच्या आवारात मीच नेऊन लावली. अम्मनी मुलाला परत बोलावलं, केस उभी राहिली, माझा जबाब झाला. त्या माणसाचा पत्ता वकिलातीतून मिळवून भरपाई पाठवल्याचं मी ऐकलं. ती त्याच्यापर्यंत पोचली का, हे मला आजही ठाऊक नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर अम्मनी मला बोलावून घेतलं. “तुझ्यावर राग नाही,” ते म्हणाले, “पण तू समोर दिसलास की मला माझा मुलगा आठवतो.” त्यांनी ओळखीच्या माणसाकडे जुबैलला माझी बदली करून दिली. निरोपाच्या वेळी हात मिळवला, पण सदीक म्हणाले नाहीत.

जुबैलहून पहिल्या सुट्टीवर घरी आलो, तेव्हा मुलगी चालायला लागली होती. खमीस का सोडलं, असं बायकोने विचारलं, तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती मुलीला भरवत ऐकत होती.

“तेव्हाच का नाही बोललात?”

“तू अशी अवघडलेली. माझी नोकरी गेली असती तर...”

तिने घास खाली ठेवला. “माझं नाव त्यात घालू नका,” ती म्हणाली, आणि पुन्हा भरवायला लागली.