आईला वाचून दाखवलेलं हवामान

बदली घेऊन उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या प्रिन्स रूपर्टला निघालो तेव्हा व्हँकुव्हरजवळच्या बर्नाबीतल्या मित्रांनी थट्टा केली होती, की तिथे घरातसुद्धा छत्री उघडून बस. मीही हसलो होतो. बर्नाबीत काय कमी पाऊस पडतो? पण इथला पाऊस वेगळा. तो कोसळत नाही, गडगडत नाही आणि थांबत तर नाहीच. कपडे, भिंती, माणसाचा स्वभाव, सगळं दमट होत जातं. बंदरातल्या आमच्या ऑफिसात सोमवारी सुट्टी कशी गेली असं कुणी विचारत नाही. ओली गेली की कोरडी, एवढंच विचारतात.

कोविडच्या दोनेक वर्षं आधी, मे महिन्यात, आई अकोल्याहून इथे आली. बाबा गेल्यापासून ती तिथे एकटी होती आणि आदल्या वर्षी बाथरूममध्ये घसरून पडली होती. तिने आमच्याकडेच राहावं असं मला वाटत होतं. व्हिसाची अडचण नव्हती, अडचण तिच्या होकाराची होती. मी रोज विषय काढायचो आणि ती रोज खिडकीबाहेर बघून म्हणायची, "एखादं ऊन तर पडू दे बाप्पा. मग सांगीन."

तिला इंग्रजी वाचता येत नाही. त्यामुळे सकाळच्या चहाबरोबर फोनवरचा नॉर्थ कोस्टचा, म्हणजे आमच्या किनाऱ्याचा, हवामानाचा अंदाज मी तिला मराठीत वाचून दाखवायचो. पहिल्याच आठवड्यात मी त्यात गडबड सुरू केली. स्क्रीनवर असायचं, बहुतांशी ढगाळ, सरींची शक्यता सत्तर टक्के, कमाल तापमान अकरा. मी वाचायचो, "सकाळी थोडी भुरभुर, दुपारी उघडेल." 'ढगाळ'चं 'अधूनमधून ऊन' करायचो, टक्के तर गाळूनच टाकायचो. दुपार यायची, उघडायचं नाही. आई शाल ओढून बसायची आणि म्हणायची, "तुमच्या इथल्या लोकाइले काहीच सांगता येत नाही वाटते." त्या बिचाऱ्यांचा अंदाज रोज बरोबर यायचा. बदनामी माझ्यामुळे होत होती.

सामानातून तिने पितळी सोऱ्या आणला होता. अकोल्यात मे महिना म्हणजे कुरडया, पापड, सांडगे. गच्चीवर जुनं लुगडं अंथरायचं, उन्हं तापायच्या आत घालून मोकळं व्हायचं. त्या महिन्यात ऊन पडेल का, असं तिथे कुणी कुणाला विचारत नाही. इथे मात्र ती रोज विचारत होती. मुगवड्या केल्या नाहीत, पापडाचं नाव काढलं नाही, पण नातीसाठी कुरडया करायच्याच, असं तिने ठरवलं.

कुरडयांचं अवघड हे, की गहू आधी भिजत घालावे लागतात. रोज पाणी बदलायचं, आंबले की वाटून चीक काढायचा, आणि मग तो शिजवून लगेच घालायचा. पुढे ढकलता येत नाही. अकोल्यात तीन दिवस पुरतात. आमच्या थंड बेसमेंटमध्ये गव्हाला आंबट वास येईना, म्हणून आम्ही बादली घर तापवणाऱ्या फर्नेसजवळ सरकवली. म्हणजे आज गहू भिजवताना पुढच्या शनिवारचं ऊन माहीत असायला हवं. मी अंदाज पाहिला. शनिवारी खरोखर सूर्याचं चित्र होतं, अर्धं ढगाआड का होईना. मी ओरडलोच, "आई, शनिवारी ऊन!" त्या एका वाक्यात मी काही घातलं नव्हतं, काही गाळलं नव्हतं.

गुरुवारी चित्र बदललं. शनिवार, सरी, ऐंशी टक्के. मुलीनेच मला दाखवलं.

तेव्हा सांगायला हवं होतं. गव्हाचं दुसरं काही करता आलं असतं, निदान तिने हात तरी मोडून घेतले नसते. पण ती पाणी बदलत होती, गुणगुणत होती. मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत परत बदलेल. शुक्रवारी म्हटलं, आता उशीर झाला.

शनिवारी पहाटेच उठून तिने चीक शिजवला. बायको पातेलं धरत होती, आई घोटत होती. घरामागच्या लाकडी डेकवर प्लास्टिक अंथरलं आणि आई गुडघे मोडून कुरडया घालायला बसली. वर आभाळ राखाडी होतं. "उघडेल ना रे?" तिने विचारलं. मी म्हणालो, "उघडेल." शेवटची कुरडई घालायच्या आत सर आली.

आम्ही प्लास्टिकची चारी टोकं धरून सगळं गराजमध्ये पळवलं. पंखा लावला, हीटर लावला. दोन दिवसांनी कुरडया वरून कडक आणि खालून चिकट होत्या, आणि त्यांवर पांढरी लव आली. माझी मुलगी नाक दाबून म्हणाली, "ईऊ! आजी, इट स्मेल्स लाइक सॉक्स."

"सॉक्स काय?" आईने विचारलं.

"मोजे," बायको म्हणाली, आणि आईला हसू आलं. तेवढ्यात मुलगी माझ्याकडे वळली. "बाबा, आय टोल्ड यू! थर्सडेलाच रेन दाखवत होतं."

'रेन' आईला कळत होतं. तिने हातातली कुरडई कचऱ्याच्या पिशवीत टाकली.

"तुले माहीत होतं?"

"इथलं हवामान बदलतं गं सारखं."

"हवामानाचं नाही विचारत मी. तुले माहीत होतं का?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग रोजचं भुरभुर, दुपारी उघडेल, ते?"

मी पुन्हा मान हलवली. बायको मुलीला घेऊन आत गेली.

"मी काय लहान पोट्टी आहो का रे? पावसाले मी भेत नाही. पण हा मुलगा मले खरं सांगते का नाही, हे रोज तपासत बसू काय इथं?"

मला चीड आली, आणि ती कुणावर काढावी कळेना. पावसावर काढून झाली होती. मी म्हणालो, "तू राहावीस म्हणून केलं सगळं." म्हणताना जाणवलं, की हेही पूर्ण खरं नाही. ती इथे असली की रात्री भारताचा नंबर दिसल्यावर मी धसकून उठत नाही. मला ती माझ्या झोपेसाठी इथे हवी होती. हे तेव्हा मी बोललो नाही. ती वाकून प्लास्टिकला चिकटलेला चीक नखाने खरवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी चहाला तिने नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणते आज?" मी टक्क्यांसकट वाचलं. आज पाऊस, उद्या पाऊस, परवा ढगाळ, त्यानंतर पाऊस.

"पूर्ण उन्हाळा असाच असते?"

"साधारण असाच. थोडा उबदार होतो, पण असाच."

तिने कपातला चहा संपवला. मग म्हणाली, "जुलैचं तिकीट पाय माझं."

"आई, आता तर मी खरं सांगतोय."

"म्हणूनच तर ठरवता आलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. रागावली असती तर समजूत काढता आली असती.

संध्याकाळी मी लॅपटॉप उघडून बसलो. व्हँकुव्हरपर्यंतचं छोटं विमान, पुढे दिल्ली, मग नागपूर. खिडकीजवळची जागा घेऊ का, असं मी तिला विचारलं.

"वाटेकडची घे," ती म्हणाली. "कोणाले उठवावं लागत नाही."