फोनवरचं आवतण

महाडच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते आणि गेली कित्येक वर्षं एका इंग्रजाच्या मागे लागले आहे. तो राज्याभिषेकाच्या सुमारास कंपनीचा वकील म्हणून, म्हणजे आजच्या भाषेत राजदूत म्हणून, रायगडाला आला होता. त्याला जाऊन शतकं लोटली, त्यामुळे माझ्या नवऱ्याची काही हरकत नाही.

या वकिलाला गडाखाली पाचाडात काही दिवस थांबवून ठेवलं होतं. राजे देवदर्शनाला गेले होते, हे कारण सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवसांत त्याच्याशी कोण कसं वागलं, त्याला ते थांबणं कसं वाटलं, हे मला त्याच्या मूळ पत्रांत वाचायचं होतं. पत्रं लंडनच्या दफ्तरखान्यात. आणि लंडनला जायचं तर शिष्यवृत्ती हवी.

आता, दोन दरबारांमधल्या वाटाघाटींच्या इतिहासाला पैसे देणारं कोण असतं? लढाईच्या इतिहासाला लोक मिळतात, किल्ल्यांना तर विचारूच नका. माझ्या विषयात तलवार नाही, तोफ नाही. नुसते नजराणे, पत्रं आणि कोण आधी बसलं याच्या तक्रारी. सत्कार मात्र भरपूर होतात. तालुक्यात कुठेही व्याख्यान द्या, शाल आणि नारळ ठरलेला. माझ्याकडे इतक्या शाली साठल्या की आईने त्यांच्या गोधड्या शिवायला घेतल्या. इतिहासकाराला ऊब देण्याची आपल्याकडे हौस आहे, तिकीट काढून देण्याची नाही.

एकच संस्था होती जी या विषयाला प्रवासखर्च आणि तीन महिन्यांचा मुक्काम देत असे. तिच्याकडे मी दोनदा अर्ज केला, दोनदा नापास झाले. दोन्ही वेळा शेरा तोच: वकिलाला थांबवण्याचा अर्थ लेखिकेला नीट मांडता आलेला नाही. संस्थेची वयाची अट होती पंचेचाळीस, आणि मला पुढच्याच वर्षी शेहेचाळिसावं लागणार होतं. तिसरा अर्ज म्हणजे शेवटचा. तो हुकला की माझा इंग्रज मला कायमचा हुकला.

त्या अर्जाचा मसुदा घेऊन मी माहेरी गेले. माझं माहेर उमरठच्या पलीकडे एका वाडीत. माझे वडील गावचं आवतण देतात. म्हणजे लग्न, पूजा, पालखी, काहीही असो, हातात अक्षता आणि सुपारी घेऊन घरोघर दारात जाऊन बोलावणं करायचं काम चाळीस वर्षं त्यांच्याकडे आहे. मी त्यांना मसुदा वाचून दाखवला. त्यात मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की थांबवून ठेवणं हा त्या वकिलाचा जाणूनबुजून केलेला अपमान होता.

बाबा म्हणाले, "ह्ये तू लिवलंस? तुझं वऱ्हाड आलं तवा कुठं थांबलेलं गो?"

"मारुतीच्या देवळात."

"मग त्यांचा अपमान केला आपण? पावणा वेशीवर थांबतो, मानकरी वाजवीत जातात, नारळ देतात नि आत घेऊन येतात. सरळ मांडवात घुसला त्याला न्यायला कोण आला नाय, असा अर्थ होतो. अपमान त्यो."

मला स्वतःचा राग आला. पंधरा वर्षं विलायती पुस्तकं चाळत होते आणि उत्तर माझ्याच लग्नाच्या फोटोत होतं. त्या रात्री मी मसुद्याचं सातवं पान फाडून नवीन लिहिलं: थांबवणं हा स्वागताचाच भाग असू शकतो, आणि ते कळायचं तर वेशीवरच्या रिवाजापासून सुरुवात करावी लागेल.

या वेळी अर्ज पुढे सरकला. पत्र आलं की संस्थेच्या एक परीक्षक बाई महाबळेश्वरला चर्चासत्राला जाणार आहेत, वाटेत पोलादपूरला भेटून मुलाखत घेतील. मी हॉटेल सुचवणार, तेवढ्यात बाबांनी जाहीर करून टाकलं की पावणीचं जेवण वाडीत. बाईंनीही होकार कळवला. दुपारी तीनला त्यांना घाट चढायला लागायचं होतं.

आदल्या दिवशी घरात नुसती धांदल. वाल सोलायचे, तांदूळ दळून आणायचे, अंगण सारवायचं. बाबा अक्षता घेऊन निघाले तेव्हा मी म्हटलं, "बाबा, निम्मी घरं झाली की पुरे. काकांना फोन करा ना. घरचेच तर आहेत. मला इथे हातभार लागेल." काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ आणि गावचे मानकरी. पाहुण्याला पहिला नारळ त्यांच्या हातचा. बाबा जरा घुटमळले, पण लेक घायकुतीला आलेली, म्हणून त्यांनी फोन केला.

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला बाईंची गाडी मारुतीपाशी आली. पन्नाशीच्या, सुती साडी, खांद्याला झोळी. वाडीने त्यांना तिथेच थांबवलं, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, कोकम सरबत दिलं. ढोलकीवाला तयार, बायका आरतीचं ताट घेऊन तयार, पण काकांचा पत्ता नाही. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. एक माणूस बघून आला आणि बाबांच्या कानाशी लागला. बाबांचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"ओटीवर बसलाय. फेटाबिटा बांधून. म्हनतो, फोनवर आवतण आलंय तर फोनवरच नारळ देतो."

माझं डोकंच फिरलं. बारा वाजून गेलेले, तीनला बाई जाणार, आणि माझी शेवटची संधी एका फेट्यात अडकलेली. मी सरळ बाईंपाशी गेले आणि म्हटलं, "चला मॅडम, घरी जाऊ. हे असंच चालतं इथे." बायकांनी आरतीचं ताट खाली ठेवलं. बाबांनी मान खाली घातली.

बाई खुर्चीतून हलल्या नाहीत. त्यांनी झोळीतून माझा अर्ज काढला, पानं उलटली आणि म्हणाल्या, "सातव्या पानावर तुम्ही जे लिहिलंय, ते तुम्हाला पटतं ना?"

"पटतं," मी म्हटलं.

"मग मी थांबते. तुम्ही काय करायचं ते करा."

बाबांनी अक्षतांची वाटी माझ्या हातात दिली. "तू जा. फोन कर तूच बोल्लीस."

मी गेले. दोन कुलांच्या कज्ज्यात कोण कुणाकडे चालत गेलं यावर मी निबंध लिहिलेत, पण हातात अक्षता घेऊन काकांच्या अंगणात उभं राहायची ही पहिलीच वेळ होती. काकांनी मला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मी अंगणातच उभी राहिले. आतून काकू हळूच बघून हसली आणि गेली. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "कोण हाय?"

मी ओटीवर सुपारी ठेवली, अक्षता दिल्या. "काका, वेशीवर पावणी आल्येय. तुम्ही आल्याशिवाय ती आत येत नाय. चूक माझी झाली, बाबांची नाय."

काकांनी सुपारी उचलली. मग म्हणाले, "बस. येतो." आणि डोक्यावर छान बांधलेला फेटा त्यांनी सोडला, झटकला आणि पहिल्यापासून परत बांधायला घेतला. मला हसू आवरेना. राग कुठल्या कुठे गेला होता. शेवटचा पीळ बसेपर्यंत मी ओटीच्या पायरीवर बसून राहिले.

मग काका निघाले आणि त्यांनी असा नारळ दिला की दरबारात शोभला असता. ढोलकी वाजली, बाई वाडीत आल्या, पाटावर बसल्या, काकूकडून फेट्याची सगळी हकीकत ऐकली, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं दोनदा मागून घेतलं. मुलाखतीला उरली वीस मिनिटं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"आज मी घरी पत्र लिहिलं असतं, आणि मला मराठी येत नसतं, तर मी काय लिहिलं असतं?"

मी विचार केला. "की तासभर देवळात बसवून ठेवलं. सरबत दिलं. कारण कळलं नाही."

"आणि फेट्याचं?"

"ते तुम्हाला कळलंच नसतं. म्हणून मला ती पत्रं वाचायचीत, मॅडम. त्यात काय नाही ते बघायला."

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं आणि पाच मिनिटांतच उठल्या. मला वाटलं, गेलं सगळं. रात्रभर मी स्वतःला शिव्या घातल्या.

दीड महिन्याने शिष्यवृत्तीचं पत्र आलं. मी लंडनला गेले, तीन महिने त्या दफ्तरखान्यात बसले. वकिलाची पत्रं वाचली. त्याने हवा लिहिली होती, खाणं लिहिलं होतं, आणि थांबण्याबद्दल फारच थोडं. त्या कोऱ्या जागांवरच मी आता पुस्तक लिहिते आहे.

परत आले तेव्हा महाडला सामान टाकून दुसऱ्या दिवशी माहेरी गेले. रिक्षा मारुतीपाशी आली आणि दोन-चार जण आडवे आले. म्हणाले, थांब. मी त्या वेशीतून लहानपणापासून हजारदा धावत गेले असेन. शेण घेऊन, पाणी घेऊन, दप्तर घेऊन. लग्नातही थांबलं होतं ते वऱ्हाड, मी आतच होते. मला तिथे आजवर कुणी थांबवलं नव्हतं.

तीच प्लास्टिकची खुर्ची पुढे आली. बाबा बाजूला उभे होते, धुतलेला सदरा घालून.

"मानकरी कुठायत?" मी विचारलं.

"फेटा बांधतोय. काल मी सोता त्याच्या दारात जाऊन आवतण देऊन आलो."

मला रडू आलं, आणि ते लपवावंसं वाटलं नाही. कुणीतरी काकांना घाई करायला निघालं होतं. मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, काकांना सांग, सावकाश बांधा.