पहिल्या आकड्याचं बाकडं

आमच्या गावाने माझ्या आईला फसवलं. मला नव्हे, मला फसवणारा अजून जन्मायचाय.

लोणावळ्यात माझं जुन्या लाकडी सामानाचं दुकान आहे. एका बंगल्यातून मी एक लांबलचक बाकडं उचललं, शिसवासारखं जड. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. म्हणाल्या, "इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चचं आहे हे, दीडशे वर्षांपूर्वीचं. तिथे जमीनदाराच्या घरचे पुढच्या बाकावर बसायचे, मजूर मागे. पाठीवर आकडा कोरलाय बघा. एक." मी बाईंशी तासभर घासाघीस केली, पण आकडा पाहिला तेव्हाच बाकडं घ्यायचं ठरलं होतं.

आम्ही पवनेकडच्या डोंगरावरल्या वाडीतले. खाली गावात उत्सव असला की आई मंडपाच्या कडेला, चपलांपाशी बसायची. तिला बाकड्याची गोष्ट सांगितली.

"म्हंजी गोऱ्यांच्यातबी चपलांपाशी बसणारी व्हती व्हय?" पदर तोंडाला लावून लय हसली.

मी गावातल्या देवळाच्या कमिटीपुढे सौदा ठेवला. बाकडं देवळाला, बदल्यात उत्सवाच्या पहिल्या दिवशी त्यावर आई बसणार. "व्हय भाऊ, मावशीचाच मान," सगळे म्हणाले. खुर्चीचा तुटका पायसुद्धा मी लिहून घेतल्याशिवाय घेत नाही. गावाचा मात्र नुसता शब्द घेतला.

त्या दिवशी आईला बाकड्यावर बसवून मी गाडी लावायला गेलो. परत आलो तर बाकड्यावर पांढरी चादर, चादरीवर पुण्याचे पाहुणे. आई चपलांपाशी.

"कुणी उठवलं?"

"कुनी न्हाई. म्याच उठले. वरडू नगंस."

मी ओरडलोच. लेझीम थांबली. सगळे खाली बघत राहिले.

त्यानंतर मी गावात पाय ठेवला नाही, तिलाही जाऊ दिलं नाही. तिला लेझीम बघायला फार आवडायची. दोन वर्षांनी ती वारली. उठवणाऱ्याचं नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही. आता दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं. इतक्या खुर्च्या, आणि बसलेला मी एकटा.

गावकऱ्यांनो, बाकडं ठेवा, मला परत नको. पण ज्याने तिला उठवलं त्याने पुढे यावं, चपलांपाशी तिच्या जागेवर बसावं, आणि तिथून माझ्याकडे वर बघून सांगावं, तिला का उठवलं.