कॅसेटीतला सत्कार

गुलाब रामटेके सर घरीसुद्धा पायरी-पायरीनं बोलायचे. बायको कुंता वैतागायची, "भाजी आणा म्हणाच्या आधी 'पिशवी घ्या' म्हणू का तुमाले?" सर गंभीरपणे म्हणायचे, "म्हणाच लागन."

२००२ साली सर आरमोरीच्या एका कॉलेजात तासिकेवर कॉम्प्युटर शिकवायचे. निम्मा आठवडा दुसऱ्या गावी शिकवायला जायचे, म्हणून अर्धा अभ्यास वर्गात आणि अर्धा त्यांच्या आवाजातल्या कॅसेटवर. शिकवण एकच: मशीनला स्वतःची अक्कल नसते, सांगाल तेवढंच करते, तेव्हा सांगणाऱ्यानं विचार करून सांगावं. कॉलेजातला एकुलता कॉम्प्युटर प्राचार्यांच्या खोलीत कापडाखाली झाकलेला. त्यामुळे मशीन व्हायची ती पोरंच, कॅसेटीतले हुकूम जसेच्या तसे पाळणारी.

एक दिवस संस्थेचे अध्यक्ष वामनराव येणार असं कळलं. हा वर्ग चालू ठेवायचा की सरांना घरी पाठवायचं, ते तेच ठरवणार होते. सरांनी सत्कारच या पोरांच्या मशीनकडून करवायचं ठरवलं आणि कॅसेट भरली: "आचल, हार उचल. निकेश, पाहुण्यांच्या गळ्यात घाल. सगळ्यांनी टाळ्या वाजवा. पाहुणे हसले तर थांबा, नाही हसले तर पुन्हा पहिल्यापासून." गळ्यात हार पडल्यावर न हसणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं सरांना वाटलं.

वामनरावांची कवळी नवी होती आणि सैल होती. ते ओठ घट्ट मिटून बसले होते.

टेप लागला. हार पडला, टाळ्या झाल्या. वामनराव काही हसले नाहीत. आचलनं त्यांच्या गळ्यातला हार उचलला, निकेशनं पुन्हा घातला. टाळ्या. पुन्हा उचलला, पुन्हा घातला.

"थांबा!" सर ओरडले.

"सर, हा हुकूम कॅसेटीत नाई," म्हणत आचलनं हार उचलला.

सरांनी धावत जाऊन टेप बंद केला. पण पोरांना सगळं पाठ होतं!

झेंडूची फुलं गळून गळून नुसता दोरा उरला. तोही निकेशनं दोन्ही हातांनी, मान लववून, वामनरावांच्या गळ्यात घातला. टाळ्यांचा कडकडाट झाला. वामनरावांनी छातीवरच्या दोऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. कवळी टपकन सरांच्या पायाशी पडली.

पोरं जागच्या जागी थांबली. सरांनी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. आधी पिशवी घ्यायची.

वामनरावांनी कवळी पुसून बसवली. "या कॉलेजात कोनी कोनाचं आइकलेलं म्या आज पयल्यांदा पाह्यलं. ठेवा या मास्तरले." मग त्यांनी सरांना जवळ बोलावून हळूच विचारलं, "पन मास्तर, मी हासलोच नसतो तं?"

"तं अजून टाळ्याच वाजून राह्यल्या असत्या, भाऊ."