साबणाची डबी आणि मोठा कॅमेरा

माझ्या कपाटाच्या वरच्या खणात दोन कॅमेरे आहेत. एक आजोबांचा मोठा, लेन्स बदलायचा डिजिटल एसएलआर. दुसरा माझा, पर्समध्ये मावणारा. महिन्यातून एकदा मी दोन्हींच्या बॅटऱ्या चार्ज करते, पुसून परत ठेवते. हातात फोन असताना हे दोन्ही कशाला सांभाळतेस, असं तुम्ही मागे परगावाहून व्हिडिओवर बोलताना विचारलंत. तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मोठा कॅमेरा आजोबांनी रिटायर झाल्यावर घेतला. त्याचं इंग्रजी मॅन्युअल मी पानन्‌पान वाचून त्यांना समजावलं. त्यानंतर मात्र बरीच वर्षं त्यांनी मला त्याला हात लावू दिला नाही. बारवी धरणाच्या वाटेवरची भातखाचरं, शिवमंदिराचे खांब, असलं काही ते तासन्‌तास टिपत बसायचे. घरातल्या माणसांचे फोटो माझ्या वाट्याला होते. बदलापूरचे मोठे आजोबा, म्हणजे आजोबांचे थोरले भाऊ, माझ्या कॅमेऱ्याला साबणाची डबी म्हणायचे. तो कॅमेरा आहे हे त्यांनी कधी मनापासून मानलंच नाही.

मग मोठ्या आजोबांच्या जबड्याचं ऑपरेशन ठरलं. गाठ काढताना हाडाचा थोडा भाग जाईल, चेहरा पूर्वीसारखा राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी अंबरनाथला घरी आल्यावर आजोबा जेवताना म्हणाले, "दादाचा हसतानाचा एकही फोटो नाही आपल्याकडे."

खरंच नव्हता. बदलापुरात मांजर्लीला मोठ्या आजोबांचं घर तळमजल्यावर. एका पावसाळ्यात नदी आत आली आणि अल्बमची पानं एकमेकांना चिकटून गेली. जे फोटो वाचले त्यांत ते चौकीत उभं केल्यासारखे दिसतात. त्यालाही कारण होतं. लहानपणी सगळं कुटुंब विठ्ठलवाडीहून उल्हासनगरच्या एका स्टुडिओत गेलं होतं. फोटोवाल्याने "हिलना मत" म्हणून बजावलं आणि नेमके हेच हलले. घरी पोचेपर्यंत वडील त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून समोर कॅमेरा आला की मोठे आजोबा श्वास रोखून धरायचे.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी आम्ही मांजर्लीला गेलो. आजोबांनी स्टँड उभारला, खिडकीजवळ खुर्ची ओढली, पडदा दोनदा सरकवला. एवढा तामझाम बघून मोठे आजोबा आत गेले आणि कोट घालून, केस चापून बसवून आले. हात गुडघ्यांवर, नजर समोर.

"दादा, जरा हस ना."

"हसतोच आहे."

"हे हसणं?"

"आतून हसतोय."

बरेच फोटो निघाले. सगळे ओळखपत्राला चालले असते. मोठ्या आजी दाराला टेकून उभ्या होत्या.

शेवटी मोठे आजोबा कंटाळले. कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, शर्टही काढला आणि बनियनवर मोकळे होऊन बसले. आजोबा हट्टाला पेटलेले. खालून उजेड चांगला येईल म्हणून स्टँडवरून कॅमेरा काढून ते फरशीवर आडवे झाले. झाले खरे, पण उठता येईना. गुडघा अडकला. दोन्ही हातांनी कॅमेरा वर धरून ते तसेच पडून राहिले आणि म्हणाले, "मला राहू दे, आधी कॅमेरा घे."

"अरे लेका," मोठे आजोबा म्हणाले, "लहानपणी गटारात पडलास तेव्हाही हातातली कुल्फी अशीच वर धरलेली. तीच काढून घेतली आम्ही आधी, तुला नंतर!"

आणि ते हसले. तोंड भरून, मागच्या पडलेल्या दातांच्या जागा दिसतील असे. हसता हसता वाकून त्यांनी धाकट्या भावाला हात दिला. मी पर्समधून छोटा कॅमेरा काढून बटण दाबलं. त्याची सवय अशी की दाबल्यावर जरा विचार करून मग फोटो काढतो. मी श्वासही घेतला नाही.

फोटो आला. जरा हललेला, पण दोघंही त्यात आहेत. आजोबा कोणत्याच फोटोत नसतात, कारण मोठा कॅमेरा नेहमी त्यांच्याच हातात. छोट्याच्या पडद्यावर फोटो बघताना ते सवयीने म्हणाले, "फोकस नाही." मग चष्मा पुसायला लागले.

ऑपरेशन नीट पार पडलं. ओठाची एक बाजू मात्र उतरली. तुमच्याशी व्हिडिओवर बोलताना मोठे आजोबा तोंडापुढे रुमाल धरतात तो त्यामुळे. तुम्हाला कंटाळून नव्हे. तोंडाचे व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने पूर्वीचा चेहरा दिसेल असा एखादा फोटो मागितला. मोठ्या आजोबांनी कोटातला पुढे केला. मोठ्या आजींनी तो बाजूला सारला, आत जाऊन दुसरा आणला आणि म्हणाल्या, "ह्यांचं तोंड हे आहे."

बनियनवरचा म्हणून तो बाहेरच्या खोलीत लावायला मोठ्या आजोबांची अजून परवानगी नाही. आत, दाढीच्या आरशाशेजारी अडकवलेला आहे. रोज सकाळी ते आरशात बघून तोंड उघडतात, मग फोटोकडे बघतात, आणि पुन्हा थोडं जास्त उघडतात.