पुतळ्याला फासळ्या नसतात

कुमुद सबनीस गुरुग्रामच्या एका कंपनीत नोकरीला होत्या. ऑफिसातल्या लोकांना आणि दिल्लीच्या द्वारकेतल्या आपल्या सोसायटीच्या गार्डांना त्या नऊ वर्षं एकच गोष्ट शिकवत आल्या होत्या: कुणाचं हृदय बंद पडलं, तर छाती कशी दाबायची. त्यासाठी कमरेपर्यंतचा एक रबरी पुतळा होता. दाब नीट बसला की तो 'टक्' वाजायचा. खऱ्या माणसावर मात्र कुमुदताईंनी कधी हात ठेवला नव्हता.

मार्चमधल्या एका सकाळी शेजारचे मुरलीधरकाका सोसायटीच्या बागेत चालता चालता कोसळले. त्यांच्या पत्नी शुभदाकाकूंची किंकाळी ऐकून कुमुदताई धावल्या. हाका मारल्या, खांदे हलवले. काका हलेनात. तेवढ्यात त्यांनी तोंड वासलं आणि घशातून घोरल्यासारखा आवाज आला.

"सांस चल रही है, मॅडम," नरसिंह गार्ड म्हणाला.

कुमुदताई थबकल्या. पुतळ्यानं असा आवाज कधी काढला नव्हता. पण पुस्तकात वाचलेलं आठवलं: हृदय थांबल्यावरही माणूस असे आचके देतो.

"नहीं, ये सांस नहीं है! ॲम्ब्युलन्स बुलाओ!"

त्यांनी तळवे छातीवर रोवले. एक, दोन, तीन... सातव्या दाबाला आत काहीतरी कडकन मोडलं. हाताखालची छाती एकदम सैल लागली.

"कुमुद, थांब! मोडलं गं काहीतरी! मारशील त्यांना!" काकूंनी त्यांचा दंड धरून ओढला.

कुमुदताईंचे हात छातीवरून उचलले गेले. दाब जास्त झाला का? इथे 'टक्' वाजणार नव्हतं. विचारायचं कुणाला? त्यांनी दंड सोडवून घेतला आणि पुन्हा दाबायला लागल्या.

हात भरून आले तेव्हा नरसिंह न सांगता पलीकडे येऊन बसला. त्याचे हात बरोबर जागी पडले, लयही चुकली नाही. पुतळ्यावरच तर शिकला होता तो. आळीपाळीनं दोघं दाबत राहिले. अकरा मिनिटांनी ॲम्ब्युलन्स आली. तिच्यातल्या मशीनचा दुसरा विजेचा झटका बसला आणि नाडी लागली.

चार फासळ्या मोडल्या होत्या. "मोडतात कधीकधी," हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले, "थांबला असतात तर माणूस गेला असता."

पुढच्या वर्गात कुमुदताईंनी आधी पुतळा झाकून ठेवला आणि आचक्यांचं, मोडणाऱ्या फासळ्यांचं सांगितलं. दोन जण उठून गेले.

काका घरी आल्यावर शुभदाकाकू कुमुदताईंकडे आल्या.

"मी ओढत होते तुला," त्या म्हणाल्या. "तू थांबली असतीस तर?"

"थांबणारच होते, काकू," कुमुदताई म्हणाल्या.